दिवाकरन, ती शेवटची ओळ

दिवाकरन,

आपण बावीस वर्षं एकमेकांशी हिंदीत बोललो आणि ती हिंदी ना तुझी होती, ना माझी. त्या हिंदीत मी तुला 'आप' म्हणायचे. तू मला 'टीचर' म्हणायचास आणि वाक्य 'तुम'वर संपवायचास, कारण 'आप'ची क्रियापदं तुला शेवटपर्यंत जमली नाहीत. आज मी मराठीत लिहितेय. आणि मराठीत माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या माणसाला अहो-जाहो करायला मला जमणार नाही, म्हणून 'तू'. तुला हे वाचता येणार नाही. तू असतास तरी आलं नसतं.

मंगळवारी नववीचा तास संपवून स्टाफरूममध्ये आले, तर केमिस्ट्रीच्या लीलाम्मा खिडकीपाशी मोबाइल धरून उभ्या होत्या. मला बघितल्यावर त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. आमच्या शाळेतल्या अर्ध्या टीचर केरळच्या, त्यामुळे बातमी सगळ्यांना कळलेली होती. मला सांगायचं कोणी, एवढंच ठरत नव्हतं. शेवटी लीलाम्मा म्हणाल्या, "टीचर, दिवाकरन सर..." आणि पुढचं त्यांना हिंदीत येईना. मी म्हटलं, "मलयाळममध्ये सांगा, मला कळतं." मग त्या रडल्याच. मला मात्र रडू आलं नाही. पुढचा तास दहावी ब चा होता, मी तो घेतला.

तुझ्याबद्दल दोन दिवस पेपरांत भरभरून आलंय. किती सिनेमे, किती पुरस्कार, तुझ्यानंतरच्या दिग्दर्शकांवर तुझा केवढा प्रभाव. एका तरुण दिग्दर्शकाने लिहिलंय की तुझ्यामुळे तिकडच्या सिनेमातली माणसं हळू आवाजात बोलायला लागली. मला ते फार आवडलं, कारण ते खरं आहे. तुझ्या आधी तिथेही माणसं रागावली की ओरडायची आणि दुःख झालं की मागे व्हायोलिन वाजायचं. तू व्हायोलिन काढून टाकलंस. तिथे पंख्याचा आवाज ठेवलास. आता सगळेच पंखा ठेवतात.

पण त्यातल्या कोणालाच तुझं पहिलं इंग्रजी माहीत नाही. ते मी वाचलंय.

तेव्हा तू इथे आखातात, रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात, लॅबमध्ये होतास. एका शनिवारी तू शाळेत आलास, शुक्रवारी शूटिंगसाठी एक वर्ग मिळेल का विचारायला. प्रिन्सिपॉलनी नाही म्हटलं. तू बाहेर पडलास तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये वह्या तपासत बसले होते. माझ्या हातातलं लाल पेन बघून तू थांबलास. केसांवर, भुवयांवर सिमेंटची बारीक पांढरी धूळ. मला आधी वाटलं, कोणीतरी वयस्कर गृहस्थ आहेत.

"टीचर, इंग्लिश ठीक करेगा?" असं म्हणून तू चार कागद पुढे केलेस. मलयाळी असोसिएशनच्या स्पर्धेसाठी वीस मिनिटांचा सिनेमा करत होतास. त्याला इंग्रजी सबटायटल्स हवी होती आणि डिक्शनरी घेऊन ती तूच लिहिली होतीस. पहिलीच ओळ होती, 'फादर, व्हाय यू आर सॅड लाइक बोट?'

मी हसले. तू हसला नाहीस. तू मला नीट समजावून सांगितलंस की किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी कशी एका बाजूला कललेली असते, तसा तो बाप खुर्चीत बसलाय. तू कॉरिडॉरमध्ये तसा कलून बसून दाखवलंस. मग मात्र मी लाल पेनाचं टोपण लावलं आणि तुझं ऐकायला लागले.

त्या दिवसापासून आमचं डायनिंग टेबल तुझं झालं. दर शुक्रवारी तू यायचास. दूध न घातलेला चहा आणि माझ्या हातचं थालीपीठ, ज्याला तू तुमच्याकडच्या तांदळाच्या भाकरीवरून 'मराठी पत्तिरी' म्हणायचास. तू प्रत्येक पात्राचं वाक्य त्याच्यासारखं बोलून दाखवायचास, मग हिंदीत अर्थ सांगायचास, मी इंग्रजी लिहायचे, आणि तू ते तुझ्या उच्चारात मोठ्याने वाचून बोटांवर अक्षरं मोजायचास. "लंबा हो गया, टीचर. इतने में तो आदमी घर छोड़के चला गया." माझा नवरा अविनाश आतून ओरडायचा, "यल्ला, जेवायला चला!" पण एक ओळ बसली नाही तर तू उठायचा नाहीस. माझं मलयाळम असं तयार झालं. आधी भांडणाची वाक्यं आली, मग प्रेमाची, आणि 'भाजी कितीला' हे सगळ्यात शेवटी.

दोन वर्षांनी तू नोकरी सोडतोस म्हणालास तेव्हा अविनाशने तुला अर्धा तास समजावलं. व्हिसा, घरचे, पेन्शन नाही, वय. तो सिरॅमिकच्या कारखान्यात इंजिनिअर. भाजून झालेली वस्तू परत मातीत जात नाही, हे त्याला पक्कं माहीत. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "अविनाशभाई, सब सही है. लेकिन मैं धूल खाके थक गया." मी चहा ओतत राहिले. खरं तर जाऊ नकोस असंच मला म्हणायचं होतं, कारण मग शुक्रवारी मी काय करणार होते?

पण तू मला सोडलं नाहीस. तिकडून फाइली यायला लागल्या. विहिरीचा सिनेमा, मग बोटीचा. तुझ्या सिनेमांना मी कधी त्यांच्या नावाने ओळखलं नाही, अजूनही ओळखत नाही. विहिरीचा सिनेमा गावाकडे एका आठवड्यात थिएटरमधून उतरवला, आणि पुढे तोच फिल्म स्कूलमध्ये शिकवायला लागले. बोटीचा चालला. मग तू मोठा हीरो घेऊन मोठा सिनेमा केलास आणि तो असा पडला, की तीन वर्षं तुला कोणी विचारलं नाही. त्या काळात तू इथे आलास आणि आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर पाच आठवडे राहिलास. आमची लेक रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. ती तुला म्हणायची, "अंकल, यू स्नोर इन मलयालम." तू तिला म्हणायचास, "थँक यू, मोळे," म्हणजे पोरी.

त्या पाच आठवड्यांत तू दुपारी बाजारात जाऊन एका शिंप्याच्या दुकानात नुसता बसून असायचास. तिथून शिंप्याचा सिनेमा आला. तीस वर्षं इथे मशीन चालवणारा माणूस आई गेल्यावर चार महिन्यांनी घरी पोचतो. बाप पडवीत खुर्चीवर बसलेला आहे. मुलगा दारात उभा आहे, त्याला आत यायचा धीर होत नाही. बाप त्याच्याकडे बघत राहतो आणि मग एकच शब्द बोलतो. "सारमिल्ल."

त्याच एका शब्दावरून आपण सहा वर्षं बोललो नाही.

सारमिल्ल हा तुमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा म्हटला जाणारा शब्द. पाय लागला, सारमिल्ल. चहा सांडला, सारमिल्ल. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, 'असू दे'. पण इंग्रजीत काय लिहायचं? तू म्हणालास, काहीच लिहू नको, ती ओळ रिकामी ठेव. मी म्हटलं, असं कसं, प्रेक्षकाला मलयाळम येत नाही म्हणून त्याने काय गुन्हा केलाय? अख्खा सिनेमा त्याला सांगत आलो आणि शेवटी दार लावून घ्यायचं? आठ दिवस फोनवर हेच. मग मी तुला न सांगता शेवटची फाइल पाठवली, आणि त्यात लिहिलं, 'आय फर्गिव्ह यू.'

तुझा फोन आला तेव्हा मी किचनमध्ये आमटी ढवळत होते. तू चिडलेला नव्हतास. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू अगदी सावकाश म्हणालास, "टीचर, बाप ने ऐसा नहीं बोला."

"उसका मतलब वही है."

"नहीं. मतलब बाप को भी नहीं मालूम." मग म्हणालास, "टीचर, एक बात पूछूँ? ये माफी किसको चाहिए?"

मी फोन बंद केला.

सिनेमा इथल्या थिएटरमध्ये लागला तेव्हा मी आणि अविनाश पहिल्याच शुक्रवारी गेलो. शेवटी बाप "सारमिल्ल" म्हणाला आणि खाली काहीच आलं नाही. तू माझी ओळ पुसून टाकली होतीस. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने नवऱ्याला विचारलं, "क्या बोला?" तो म्हणाला, "पता नहीं." मला इतका राग आला, दिवाकरन! आणि थिएटरमधली माणसं मात्र नाक पुसत उठत होती. त्याचा मला जास्त राग आला.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते.

त्या सिनेमाच्या तीन वर्षं आधी माझे बाबा गेले. तू तेव्हा कोचीत होतास, मी तुला दोन ओळींचा मेल केला होता आणि तू चार ओळींचं उत्तर दिलं होतंस. दादाचा ठाण्याहून फोन आला होता की बाबांना ॲडमिट केलंय, पण घाबरण्यासारखं नाही. बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या, माझी सुपरव्हिजन होती, तीन पेपर राहिले होते. मी म्हटलं, तेवढे उरकून येते. कोणी मला अडवलं नव्हतं. प्रिन्सिपॉल स्वतः म्हणाले होते, जायचं तर जा. मीच म्हटलं, तीनच तर आहेत. दुसऱ्या पेपरच्या दिवशी बाबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. बिल्डिंगच्या जिन्यात चपलाच चपला. वर दारात आई उभी होती. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "आई, मी..." आणि चपलांतून वाट काढत वर चढायला लागले. आई म्हणाली, "असू दे."

बस, एवढंच. नंतर तेरा दिवस घरात माणसं होती, मग मी परत आले, आणि त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा बोललो नाही. 'असू दे' म्हणजे काय? माफ केलं? की आता काय बोलायचं, सोड? की तू नेहमीचीच अशी? मी किती वर्षं तो शब्द उलटापालटा करून बघत होते आणि मला कोणीतरी त्याचं भाषांतर करून द्यायला हवं होतं. कोणी दिलं नाही, म्हणून मी ते तुझ्या सिनेमात लिहिलं. तुझ्या म्हाताऱ्याच्या तोंडून मी माझ्या आईला बोलायला लावलं. तू एका वाक्यात पकडलंस आणि तुला ठाऊकही नव्हतं तू काय पकडलंस. की ठाऊक होतं? हे मला तुला विचारायचं होतं.

सहा वर्षांत तू तीन सिनेमे केलेस. सबटायटल्स दुसऱ्या कोणाची तरी. मी तिन्ही बघितले, एकटीने, शुक्रवारी दुपारच्या खेळाला, पर्समध्ये छोटी वही घेऊन. प्रत्येक चूक लिहून ठेवली. कुठे 'अम्मावन'चं, म्हणजे मामाचं, नुसतं 'अंकल' केलंय, कुठे बाई नवऱ्याला टोमणा मारतेय आणि खाली सरळ कौतुक येतंय. अंधारात लिहायचे, म्हणून अक्षरं एकावर एक. कशासाठी करत होते हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दार अविनाशने उघडलं. तू इथे समुद्राकाठच्या जुन्या पडक्या कोळीवाड्यात शूटिंग करत होतास हे मला पेपरातून कळलं होतं. केस सगळे पांढरे. या वेळी ती धूळ नव्हती. अविनाश म्हणाला, "अरे, किती वर्षांनी! आत ये, आत ये." तू चपला काढल्यास, सरळ डायनिंग टेबलाशी तुझ्या खुर्चीत बसलास, खिशातून हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवलीस.

"काम है, टीचर."

मी आत गेले आणि ती वही आणून तुझ्यापुढे टाकली. तू पहिलं पान वाचलंस, दुसरं वाचलंस. मग चष्मा लावून सगळी वही वाचलीस. मला वाटलं आता उठून जाशील. तू शेवटचं पान मिटून म्हणालास, "तीनों पिक्चर थिएटर में देखा? पैसा देके?"

"हाँ."

"दुश्मन भी इतना नहीं देखता." आणि हसायला लागलास. खांदे हलवत, आवाज न करता, तुझं ते हसणं. अविनाशही हसायला लागला. मी तेवढी रडत होते आणि दोघांना ओरडत होते की हसू नका.

तू सॉरी म्हणाला नाहीस. मीही नाही. रात्री जेवताना तू आमटी वाटीने प्यायलास आणि म्हणालास की सहा वर्षं तिकडे सगळी सबटायटल्स मिठाशिवाय होती.

त्यानंतरचे दोन सिनेमे आपण केले. आता आपलं भांडण कमी व्हायचं आणि मला ते जरा चुकल्यासारखं वाटायचं. तू लवकर दमायचास. मधेच डोळे मिटून बसायचास. मी विचारलं तर म्हणायचास, झोप झाली नाही. आजाराबद्दल तू मला एक शब्द सांगितला नाहीस. जोजीला, तुझ्या एडिटरला, सगळं माहीत होतं. माझ्यापासून का लपवलंस? टीचर घरी फोन करेल म्हणून?

जानेवारीत तुझा फोन आला. शिंप्याचा सिनेमा नव्याने साफ करून पुन्हा थिएटरमध्ये आणणार होते. "सबटायटल नया करना है. सब लाइन तुम देखो."

"और लास्ट लाइन?"

"वो भी तुम. जो लिखेगा, रहेगा. मैं नहीं काटेगा."

मी म्हटलं, "खाली छोड़ना है तो अभी बोलो."

"टीचर, मैं बोला ना. तुम्हारा लाइन है."

मी बाकीचा सिनेमा पंधरा दिवसांत केला. ती एक ओळ राहिली. रोज फाइल उघडायचे, बंद करायचे. तू दोनदा फोन केलास. दुसऱ्यांदा तुझा आवाज खोल गेलेला होता. मी विचारलं, बरं नाही का? तू म्हणालास, एसीने बसलाय. "लाइन हुआ?" मी म्हटलं, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक. अभी एग्झाम का पेपर चेक करना है." तू म्हणालास, "हाँ हाँ, बच्चे का पेपर पहले."

बघ ना दिवाकरन. पुन्हा पेपरच.

परवा इथल्या असोसिएशनच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. सिमेंटच्या कारखान्यातले तुझे जुने सोबती आले होते, दोघं तर फुजैराहून गाडी चालवत आले. एकाने सांगितलं की तू लॅबमध्ये सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायच्या मशीनपाशी उभा राहून संवाद म्हणायचास. मला बोलायला सांगितलं. माईकसमोर उभी राहिले आणि कुठल्या भाषेत बोलू तेच कळेना. इंग्रजीत आपण फक्त काम केलं. हिंदीत तुझ्यासारखं बोलले असते तर सगळे हसले असते. मलयाळममध्ये मला फक्त तुझ्या पात्रांची वाक्यं येतात. मी नमस्कार करून खाली आले. रेवा शेजारी बसली होती, आता पंचवीस वर्षांची आहे, दुबईत नोकरी करते. तिने हळूच विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट यू टेल देम अबाउट द सॅड बोट?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी." मग लक्षात आलं, पुढची वेळ कुठली.

घरी येताना तिने गाडी चालवता चालवता विचारलं, "व्हॉट डिड यू टू फाइट अबाउट, ऑल दोज इयर्स?" मी तिला सगळं सांगितलं. सारमिल्ल, आणि मग पहिल्यांदाच कोणाला तरी जिन्यातलं 'असू दे'ही. ती ऐकून घेत होती. मग अगदी सहज म्हणाली, "बट आजी इज राइट देअर. व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क हर?"

खरंच की. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे, तिला सगळं स्पष्ट ऐकू येतं, आणि रोज सकाळी ती मला देवाचे फोटो पाठवते.

काल दुपारी व्हिडिओ कॉल लावला. ती शेंगा सोलत बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हटलं, "आई, बाबा गेले तेव्हा मी आले ना, तू दारात होतीस. मला म्हणालीस, असू दे."

"म्हणाले असेन."

"म्हणजे तुला काय म्हणायचं होतं?"

"कशाबद्दल?"

"मी उशिरा आले त्याबद्दल."

आईने शेंग खाली ठेवली. बराच वेळ कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. मग म्हणाली, "अगं, तू ती बॅग ओढत होतीस! एक चाक मोडलेली. पायरीला अडकली होती आणि तू आपली ओढतेयस, ओढतेयस, चेहरा लाल झालेला. मी म्हटलं, असू दे ती तिथेच, दादा आणेल. तू आधी आत ये."

"आत ये म्हणालीस?"

"म्हणाले की. तुला ऐकू नाही आलं?"

मला बोलवेना. आई म्हणाली, "नेटवर्क गेलं वाटतं," आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मला तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"आई, पण उशिराचं?"

"कसला उशीर? मी तरी कुठे होते?" ती म्हणाली. "मी खाली कॅन्टीनमध्ये चहा प्यायला गेले होते. दहा मिनिटं. वर आले तर नर्स दारात उभी." पुन्हा शेंग उचलली. "तुला सांगितलं नव्हतं का कधी? कोणालाच सांगितलं नाही बहुतेक."

दिवाकरन, मी चौदा वर्षं एका बॅगेचं भाषांतर करत होते. आणि माझी आई तेवढीच वर्षं एक कप चहा मनात धरून बसली होती. आम्ही दोघी तासभर फोनवर होतो. रडलो, आणि मधेच त्या मोडक्या चाकावरून इतकं हसलो, की अविनाश बाहेर बघायला आला. जूनमध्ये सुट्टी लागली की मी जातेय. आधी पेपर वगैरे काही नाही.

हे तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस मला माहीत आहे. वही काढून लिहून घेतलं असतंस आणि मी म्हटलं असतं, खबरदार.

आज सकाळी मी ती ओळ लिहिली. जोजीला फाइल पाठवलीसुद्धा, खलास. रिकामी सोडलेली नाही. तुझं ते मला आजही पटत नाही, तू गेलास म्हणून पटवून घेणार नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईला कळायलाच हवं म्हातारा काय म्हणाला. पण माफी काढून टाकली. ती त्याने दिलेली नव्हती, आणि मागितली होती ती मी. आता खाली नुसतं येतं, 'नेव्हर माइंड.' पाय लागल्यावर म्हणतात तेवढंच. मतलब बापालाही माहीत नसेल, इतकं साधं.

आणि ती ओळ पडद्यावर ठेवलीय फक्त दोन सेकंद. तुझा तो शॉट त्यानंतरही कितीतरी वेळ चालतो, पंख्याचा आवाज येत राहतो. माझ्या जुन्या फाइलमध्ये ओळ अगदी शेवटपर्यंत होती, त्या माणसाच्या हनुवटीखाली पाटीसारखी. या वेळी लोकांचं वाचून झालं की ती जाते. म्हातारा खुर्चीत बसलेला आहे, मुलगा दारात उभा आहे. वाचायला काही उरलेलं नाही, तेव्हा सगळे त्या दोघांकडे बघतात.